'फरक आहे का?' नव्हे, 'घ्यायची कोणती?'

एकच माल बनवायच्या चार प्रोसेसचा उतारा, म्हणजे किती माल निघतो ते, मोजला की हात आधी जातो एफ-चाचणीकडे. संख्याशास्त्रज्ञ फिशरने इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्राच्या शेतांवर 1920च्या दशकात घडवलेलं हे हत्यार सांगतं ते एवढंच, की 'चारही सारख्या' हे म्हणणं टिकतं की नाही. पण चार प्रोसेस तंतोतंत सारख्या नसतात हे कुणालाही आधीच ठाऊक असतं. भरपूर रीडिंग घेतली की चाचणी 'फरक आहे' म्हणणारच. घ्यायची कोणती, हा प्रश्न तसाच राहतो.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट बेकहोफर यांनी 1954 मध्ये नेमका तोच प्रश्न धरला. आधी दोन आकडे ठरवायचे: किती फरकाला आपण किंमत देतो आणि अचूक निवडीची खात्री किती हवी. समजा प्रमाण विचलन (एकाच प्रोसेसची रीडिंग सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) 3 टक्के, दखल घेण्याजोगा फरक 2 टक्के, खात्री 95 टक्के. चार प्रोसेस आणि एवढ्या खात्रीसाठी बेकहोफर यांच्या तक्त्यातला अंक 2.916. त्याला 3 ने गुणून 2 ने भागा, वर्ग करा: 19.13. म्हणजे प्रत्येकी 20 बॅच. मग सर्वांत मोठी सरासरी उचलायची, चाचणी नाहीच. मात्र फरक 2 ऐवजी 1 टक्का धरलात तर प्रत्येकी 77 बॅच. हौसेने बारीक फरक मागणारे इथेच अडकतात.

शांती गुप्ता यांनी 1956 च्या प्रबंधात वेगळी वाट धरली: एकच न निवडता लहानसा गट राखायचा. गंमत म्हणजे तक्ता तोच चालतो. वरच्या 20 बॅचमध्ये, अव्वल सरासरीच्या 1.96 टक्क्यांच्या आत असलेल्या सगळ्या ठेवायच्या. सर्वोत्तम त्यांत असण्याची हमी किमान 95 टक्के.

खरी अडचण विचलन ठाऊक नसण्याची. दहा रीडिंगवरून काढलेलं विचलन वरच्या सूत्रात घातलं की 95 टक्क्यांची हमी गुपचूप खाली येते. म्हणून दोन टप्पे: आधी थोडी रीडिंग घेऊन विचलन काढायचं, त्यावरून पुढची संख्या, आणि अंकही त्यासाठीच्या वेगळ्या तक्त्यातला. प्रत्येक प्रोसेसचं विचलन वेगळं असेल तर त्यावर ड्युडेविच-दलाल (1975) आणि रिनॉट (1978) यांच्या रीती आहेत. अजित ताम्हणे आणि बेकहोफर यांनी 1977 मध्ये पहिल्या टप्प्यातच मागे पडलेल्यांना गाळायची सोय केली. किम-नेल्सन रीतीत (2001) ही गाळणी प्रत्येक रीडिंगनंतर चालते.

या सगळ्या रीतींना रीडिंग परस्परांपासून स्वतंत्र लागतात. एकाच भट्टीतून पाठोपाठ घेतलेली तशी नसतात. तिथे सलग रीडिंगचे मोठे गट पाडून गटाची सरासरी हेच एक रीडिंग धरतात.