एका मताला तीस मतांचं वजन

2016 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत इलिनॉय राज्यातला एकोणीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण देशपातळीवरचे आकडे हलवत होता, आणि त्याला स्वतःला याचा पत्ताही नव्हता. 'लॉस एंजेलिस टाइम्स' आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ मिळून तेव्हा एक जनमत चाचणी चालवत होते. सुमारे 3,000 लोकांचा ठरलेला गट, आणि त्याच लोकांना पुन्हा पुन्हा विचारायचं की तुमचा कौल कुणाला. हा तरुण ट्रम्प यांच्या बाजूचा. पण त्या गटात त्याच्या वयाचे आणि वर्णाचे पुरुष इतके थोडे होते, की त्याच्या उत्तराला सरासरी सहभागीच्या तीसपटीपर्यंत वजन दिलं जात होतं. त्या एकट्यामुळे कृष्णवर्णीयांमधला ट्रम्प यांचा पाठिंबा दोन अंकी दिसायचा आणि एकूण निकालात त्यांचं पारडं जवळपास एका टक्क्याने जड व्हायचं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ऑक्टोबरमध्ये ही गोष्ट छापली तेव्हा बरीच चर्चा झाली.

यात लबाडी नव्हती. वजन देणं हे प्रत्येक चाचणीत करावंच लागतं, कारण फोन उचलून निवांत उत्तरं देणाऱ्यांमध्ये म्हातारी माणसं जास्त आणि विशीतली पोरं कमी असतात. लोकसंख्येत ज्या गटाचे शंभरात दहा लोक आहेत त्याचे नमुन्यात पाचच सापडले, तर प्रत्येकाचं उत्तर दोनदा मोजायचं. गडबड झाली ती फार बारीक कप्पे पाडल्याने. या चाचणीत 18 ते 21 वयाच्या पुरुषांचा वेगळा कप्पा होता, शिवाय वर्णाचा हिशेब वेगळा आणि 2012 साली कुणाला मत दिलं होतं याचा वेगळा. हे सगळे गुणक एकाच माणसावर येऊन साचले.

चाचणीतली संभाव्य चूक साधारण काढायची असेल तर 1 या आकड्याला नमुन्यातल्या लोकांच्या संख्येच्या वर्गमूळाने भागायचं. हजार लोक विचारले तर चूक तीन टक्क्यांच्या आसपास, हे आपण नेहमी वाचतो. पण त्या हजारात कृष्णवर्णीय असतील सव्वाशेच्या आत. तिथे ती नऊ टक्क्यांवर जाते. त्यांतले तिशीच्या आतले पंचवीसेक, म्हणजे चूक वीस टक्के इकडे किंवा तिकडे. 'तरुण कृष्णवर्णीय अमुक उमेदवारावर नाराज' असा मथळा दिसला की मी आधी किती जणांना विचारलं ते शोधतो. बहुतेक वेळा तो आकडा बातमीत नसतोच.

खऱ्या मतदानाच्या दिवशी हजारो मतदारांना केंद्राबाहेर गाठून घेतलेले एक्झिट पोल तुलनेने भरवशाचे असतात, आणि 2008 सालचे त्यांचे आकडे या विषयासाठी फार उद्बोधक आहेत. ओबामांना तिशीच्या आतल्यांची 66 टक्के मतं मिळाली. लगेच निष्कर्ष निघाला: तरुणाई ओबामांच्या मागे. पण तिशीच्या आतल्या गोऱ्या मतदारांत हे प्रमाण 54 टक्केच होतं. वरचे बारा टक्के आले कुठून? अमेरिकेत तरुण पिढीत लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे), कृष्णवर्णीय आणि आशियाई जास्त आहेत. 65 च्या पुढच्यांत साधारण चारातले तीन गोरे, तर 2020 च्या जनगणनेत अठराच्या आतल्यांमध्ये बिगर-लॅटिनो गोरे निम्म्याहूनही कमी. म्हणजे 'वयाचा परिणाम' म्हणून जे दिसतं, त्याचा एक भाग वेषांतर केलेला वर्णाचा परिणाम असतो.

पण सगळाच नाही. सर्व वयाच्या गोऱ्यांमध्ये ओबामांना 43 टक्के होते, म्हणजे गोऱ्या तरुणांनी त्यांना अकरा टक्के जास्त दिले. याउलट कृष्णवर्णीयांमध्ये विशीतले असोत की सत्तरीतले, ओबामांना पंच्याण्णवच्या आगेमागेच. एका गटात वय भरपूर बोलतं, दुसऱ्यात जवळजवळ मुकं. त्यामुळे 'वयाचा परिणाम किती?' या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. कोणात, हे आधी विचारावं लागतं.

मग कृष्णवर्णीयांमध्ये पिढ्यांचा फरक नाहीच का? आहे, पण तो पाहायला पक्षांतर्गत प्राथमिक फेरीकडे जावं लागतं, जिथे दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे असतात. 2020 मध्ये आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आलेले बायडन जवळपास संपल्यात जमा होते. 29 फेब्रुवारीला साऊथ कॅरोलायनात, जिथे डेमोक्रॅट मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, त्यांनी 48 टक्क्यांहून अधिक मतं घेतली. त्याच्या तीनच दिवस आधी तिथले ज्येष्ठ खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा जाहीर केला होता. हा विजय मुख्यतः वयस्क कृष्णवर्णीय मतदारांचा होता. तरुण कृष्णवर्णीयांमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांना कितीतरी जास्त प्रतिसाद होता. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत मात्र आजी आणि नातू एकाच चिन्हावर शिक्का मारतात आणि त्यांच्यातलं भांडण आकड्यांत दिसेनासं होतं.

नोव्हेंबरातला हा एकगठ्ठा कौल अनादि काळापासूनचा नाही. लिंकन यांचा पक्ष म्हणून कृष्णवर्णीय कित्येक दशकं रिपब्लिकनांचे होते. डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात बहुसंख्य डेमोक्रॅटांकडे वळले, तरी 1960 साली रिपब्लिकन निक्सन यांना त्यांची जवळपास तृतीयांश मतं मिळाली. 1964 मध्ये रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांनी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याला विरोध केला आणि तो तृतीयांश एका निवडणुकीत सहा टक्क्यांवर आला.

त्यानंतर इतकी वर्षं तो गठ्ठा टिकला कसा, याची दोन उत्तरं संशोधकांनी दिली आहेत. मायकेल डॉसन यांनी 1994 मध्ये मांडलं की समाजाचं भलं ते माझं भलं, हा ठोकताळा अनुभवावर उभा आहे, कारण भेदभाव करणारा माणूस तुमचा पगार विचारून भेदभाव करत नाही. दुसरं उत्तर इस्माइल व्हाइट, क्रिल लेअर्ड आणि ट्रॉय ॲलन यांच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचं. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांच्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांना शंभर डॉलर दिले आणि ओबामा व त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रॉम्नी यांच्या प्रचारनिधीत हवे तसे वाटायला सांगितलं. काहींना सांगितलं, रॉम्नींना जितकं द्याल त्या प्रमाणात थोडे पैसे तुमच्या खिशात. तेव्हा रॉम्नींचा वाटा वाढला. मग तिसऱ्या गटाला तीच लालूच दाखवली, पण शेजारी आणखी एक कृष्णवर्णीय विद्यार्थी बसवला, जो आपले सगळे पैसे ओबामांना देणार असल्याचं बोलून दाखवत होता. लालूच बरीचशी निष्प्रभ ठरली. चार लोक काय म्हणतील हे बळ आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

गोऱ्या मतदारांत वय जे बोलतं, ते तरी नेमकं काय? म्हातारपण माणसाला रिपब्लिकन बनवतं असा समज आहे. 2000 च्या निवडणुकीने तो उघडा पाडला. तेव्हा तिशीच्या आतले मतदार डेमोक्रॅट अल गोर आणि रिपब्लिकन जॉर्ज बुश यांच्यात जवळपास समसमान विभागले गेले, आणि 65 च्या पुढच्यांनी गोर यांना थोडी आघाडी दिली. 1984 मध्ये 18 ते 24 वयाच्या साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी रिपब्लिकन रेगन यांना मत दिलं होतं. 2000 सालचे म्हातारे 1930 च्या दशकातली महामंदी आणि रूझवेल्ट यांच्या काळात वाढलेले, ही त्यातली मेख. येअर गिट्झा, अँड्र्यू गेलमन आणि जोनाथन ऑरबाख यांनी अनेक दशकांच्या चाचण्या एकत्र करून प्रारूप तयार केलं. त्यात 14 ते 24 या वयातल्या राजकीय घडामोडींचा ठसा सर्वात खोल उमटतो असं दिसलं. अठराव्या वर्षीच्या घटनेचं वजन चाळिशीतल्या घटनेच्या सुमारे तिप्पट. हे प्रारूप गोऱ्या मतदारांना उत्तम लागू पडतं, इतरांना तितकं नाही.

यात एक गणिती अडचण कायमची आहे. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केलं की वय मिळतं, त्यामुळे वय, पिढी आणि काळ हे तिन्ही परिणाम आकड्यांतून निर्विवादपणे सुटे करता येत नाहीत. काहीतरी गृहीत धरावंच लागतं.

2024 ने या सगळ्या चौकटीला धक्का दिला. मतदान केल्याची नोंद तपासून प्यू या संशोधन संस्थेने काढलेल्या आकड्यांत लॅटिनोंपैकी 51 टक्के डेमोक्रॅट उमेदवार हॅरिस यांच्याकडे आणि 48 टक्के ट्रम्प यांच्याकडे होते. 2020 मध्ये बायडन यांना 61 होते. कृष्णवर्णीयांत ट्रम्प 8 वरून 15 टक्क्यांवर गेले. 'आशियाई' या एका ओळीत हॅरिस यांना 57 दिसतात, पण त्या ओळीत न्यू जर्सीतले आपले मराठी अभियंते आणि कॅलिफोर्नियातले व्हिएतनामी निर्वासित एकत्र कोंबलेले असतात, ज्यांचा राजकीय कल अगदी वेगळा आहे. मला ती ओळ जवळपास निरुपयोगी वाटते.

लॅटिनोंमधला बदल मतं फिरल्याने झाला की 2020 चे मतदार घरी बसल्याने आणि नवे आल्याने, यावर वाद आहे. प्यूच्या मते मतदानाला कोण आलं याचा वाटा मोठा. आणि 2024 मध्ये पहिल्यांदा मत देणाऱ्यांची त्या 14 ते 24 मधली सुरुवातीची वर्षं महासाथीत आणि महागाईत गेली आहेत. त्यांचा कल हा तात्पुरता राग आहे की आयुष्यभराचा ठसा, ते कळायला त्याच लोकांना आणखी दोन-तीन निवडणुका विचारत राहावं लागेल.