वाईट बातमी कुठल्या पानावर?

नागपूरच्या इतवारीतला ठोक व्यापारी उधारी फार थकली की ती बुडीत धरतो. नफा मात्र पैसा गल्ल्यात पडल्याशिवाय मोजत नाही. हिशेबाच्या भाषेत ही सावधगिरी. सनदी लेखापालांच्या संस्थेने १९७९ साली काढलेल्या पहिल्याच लेखा मानकात ती आहे, लेखांकनाच्या तत्त्वांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय चौकटीतही होती.

२०१० मध्ये त्या चौकटीतून ती वगळली गेली. कारण पटण्यासारखं होतं. चांगल्या वर्षी गरजेपेक्षा जास्त तरतूद करायची, म्हणजे पुढच्या तोट्यासाठी नफ्यातून रक्कम बाजूला काढायची, आणि वाईट वर्षी तीच हळूच नफ्यात ओढायची, असं झालं की हिशेबाची तटस्थता उरत नाही. पण २००८ च्या अरिष्टात बँकांनी तोटा फार उशिरा दाखवला, अशी टीका वाढत गेली. २०१८ मध्ये सावधगिरी परत आली, या वेळी तटस्थतेला आधार म्हणून. माझ्या मते योग्यच झालं.

खरा पक्षपात मी शब्दांत पाहिला. धंतोलीत आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, करताना एका कंपनीच्या हिशेबातली तिच्यावरच्या खटल्याची टीप लिहायचं काम माझ्याकडे होतं. 'देणं लागण्याची शक्यता जास्त' असं लिहिलं, तर तरतूद करावी लागते आणि रक्कम थेट नफ्यातून जाते. नुसतं 'शक्यता आहे' म्हटलं, की ते संभाव्य देणं होऊन टिपांमध्ये जातं. 'शक्यता नगण्य' म्हटलं, तर टीपही लागत नाही. तीन मसुदे झाले. खटला तोच, वकिलाचं मतही तेच. शेवटी एक टीप उरली, वार्षिक अहवालाच्या पार मागच्या पानांत. पुढच्या पानांवर अध्यक्षांचं पत्र होतं, त्यात खटल्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मला ते आजही खुपतं.

सत्यम या आयटी कंपनीचं प्रकरण याच्या कितीतरी पुढचं. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की, ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्यानंतर नियम घट्ट होत गेले. २०१८ मध्ये ऑडिटरांवर नजर ठेवणारं राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आलं. सूचीबद्ध कंपन्यांच्या ऑडिटरला सर्वात अवघड मुद्दे आपल्या अहवालात स्वतः मांडावे लागू लागले. नोव्हेंबर २०१९ मध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने या कंपन्यांना सांगितलं, की बँकेच्या कर्जाचा हप्ता तीस दिवसांहून जास्त थकला, तर पुढच्या चोवीस तासांत शेअर बाजाराला कळवा.

खटल्याची शक्यता किती, हे मात्र अजूनही आधी व्यवस्थापनच ठरवतं. अहवाल हातात आला की मी आधी संभाव्य देण्यांची टीप काढतो आणि गेल्या वर्षीच्या शब्दांशी ताडून पाहतो.