पुस्तकातला कोड चालतो का? प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांमागच्या साधनांची पार्श्वभूमी

1978 साली ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक आलं. सगळी उदाहरणं थेट पुस्तकाच्या मजकुरातूनच तपासून घेतली आहेत, अशी नोंद लेखकांनी प्रस्तावनेत केली आहे. अक्षरजुळणीही त्यांची स्वतःची होती: पीडीपी-11/70 संगणक, त्यावर युनिक्स ही संगणकप्रणाली आणि जोडीला फोटोटाइपसेटर, म्हणजे प्रकाशाने अक्षरं उमटवणारं जुळणीयंत्र. एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेची मार्गदर्शिका कशात लिहावी याची चर्चा आज बहुधा पान कसं दिसेल इथून सुरू होते. माझ्या मते ती प्रस्तावनेतल्या त्या नोंदीपासून सुरू व्हायला हवी. छापलेला कोड आणि चालवून पाहिलेला कोड एकच आहे याची हमी साधन देतं का, हे आधी बघावं.

कर्निगन-रिचींना ती हमी देता आली यामागे ते जिथे काम करत त्या बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतला एक योगायोग आहे. युनिक्स लिहिणाऱ्यांना पीडीपी-11 विकत घ्यायला पैसे मिळाले ते मजकूर-संपादनाची यंत्रणा करून देऊ, या आश्वासनावर. 1971 मध्ये पेटंट विभागाचे टंकलेखक त्याच यंत्रावर काम करू लागले. त्यासाठी लागलेला रॉफ हा मजकुराची मांडणी करणारा प्रोग्रॅम एमआयटीत जेरी सॉल्टझर यांनी 1964 मध्ये लिहिलेल्या रनऑफचा वंशज. पुढे जो ओसाना यांनी फोटोटाइपसेटरसाठी ट्रॉफ लिहिला. 1977 मध्ये ओसाना वारले, आणि ट्रॉफ वेगवेगळ्या छपाई यंत्रांवर चालेल असा करण्याचं काम कर्निगन यांनी हाती घेतलं. ट्रॉफचा मजकूर म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. त्यातला कोड वेगळा काढून कंपायलरला, म्हणजे कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रॅमला, देणं म्हणूनच सोपं होतं. कर्निगन यांनी सहलेखकासोबत लिहिलेलं गो भाषेवरचं 2015 चं पुस्तकसुद्धा ग्रॉफ या ट्रॉफच्याच मुक्त आवृत्तीत जुळवलेलं आहे.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांची वाट निराळी. 1977 मध्ये आपल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नव्या तंत्राने केलेली मुद्रितं पाहून ते इतके नाराज झाले, की अक्षरजुळणीची स्वतःचीच यंत्रणा लिहायला बसले. तिचं नाव टेक. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर उभारलेलं लाटेक पुढे विद्यापीठांत रुजलं. पण आपल्या विषयासाठी नूथ यांचं वेब हे साधन जास्त मोलाचं आहे. त्यात स्पष्टीकरण आणि कोड एकाच फाइलमध्ये लिहायचे. एक प्रोग्रॅम त्यातून पास्कल भाषेतला कोड काढतो, दुसरा छापण्याजोगा मजकूर. खुद्द टेक असंच लिहिलेलं आहे.

1991 मध्ये हाल कॉम्प्युटर सिस्टिम्स ही कंपनी आणि ओरायली हे प्रकाशन यांनी सुरू केलेल्या डॉकबुक या टॅग लावून लिहिण्याच्या पद्धतीने मजकुराची रचना काटेकोर केली, पण टॅगांच्या गर्दीत हाताने लिहिणं जिकिरीचं झालं. त्यावर हलका उतारा म्हणून 2002 मध्ये आस्कीडॉक आलं, आणि 2004 मध्ये जॉन ग्रुबर यांनी वेबवरच्या लिखाणासाठी मार्कडाउन आणलं. दोन्हींत साध्या मजकुरात मोजक्या खुणा घालून लिहायचं असतं.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दस्तऐवजांचा प्रवास मात्र सावकाश बघण्यासारखा आहे. ते अनेक वर्षं लाटेकमध्ये होते. छापील प्रत देखणी निघे, पण वेबसाठी रूपांतराची वेगळी कसरत करावी लागे, आणि ज्याला एका परिच्छेदातली चूक दुरुस्त करायची त्यालाही लाटेक यावं लागे. जॉर्ज ब्रांडल यांनी सगळा मजकूर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या तशाच साध्या खुणांच्या पद्धतीत आणला आणि त्यातून दस्तऐवज तयार करण्यासाठी लिहिलेलं स्फिंक्स हे साधन 2008 मध्ये खुलं केलं. त्याच वर्षीच्या पायथन 2.6 चे दस्तऐवज स्फिंक्सवर तयार झाले. तपासणीची सोय तर त्याआधीच होती: टिम पीटर्स यांचं डॉकटेस्ट 2001 मध्ये पायथन 2.1 सोबत आलं. मजकुरात दाखवलेला पायथनशी झालेला संवाद ते खरोखर चालवतं आणि उत्तर जुळतं का ते पाहतं.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेने हे आणखी पुढे नेलं. तिथे मार्कडाउनमधला कोडचा तुकडा मुळातच चाचणी मानला जातो. नवशिक्याला नको असलेल्या ओळी # लावून लपवता येतात, पण कंपायलरला त्या दिसतात. उदाहरण मुद्दाम चुकीचं असेल तर तशी खूण करायची. मग ते कंपाइल झालं, तर चाचणी नापास! भाषेची नवी आवृत्ती आली की पुस्तकातलं कुठलं पान जुनं झालं ते यंत्रच सांगतं. रस्टचं अधिकृत पुस्तक एमडीबुक या साधनावर उभं आहे, आणि लिहिणाऱ्याची एवढी काळजी घेणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण वेगळी होती. फ्रान्स वेल्थाउस यांनी 1991 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात टेकसाठी देवनागरी आणली, पण मजकूर रोमन लिपीत टाइप करून आधी एका प्रोग्रॅममधून काढावा लागे. 2004 मध्ये जोनाथन क्यू यांच्या झीटेक या टेकच्या नव्या रूपामुळे युनिकोड देवनागरी थेट लिहिता आली. टेक लाइव्ह या टेकच्या संचाच्या 2020 च्या आवृत्तीपासून लुआलाटेक या लाटेकच्या दुसऱ्या रूपातही हार्फबझ आलं, म्हणजे जोडाक्षरं नीट बांधणारं इंजिन. आज मराठी मार्गदर्शिका मार्कडाउनमध्ये लिहून, कोड चाचणीला लावून, पीडीएफ यांपैकी एकातून काढणं हाच मला सर्वांत सरळ रस्ता वाटतो. फॉन्ट ठरवण्याआधी ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ हे शब्द मात्र छापून, त्यांतला ‘ऱ्य’ नीट उमटतो का ते पाहावं. कोडच्या चौकटीत मराठी टिप्पणी असेल तर तिथेही पाहावं, कारण कोडसाठीच्या बऱ्याच समरुंद फॉन्टांत देवनागरी नसतेच.