व्यतिरेकी मांडणीविचार

व्यतिरेकी मांडणीविचार : दुसऱ्या भाषेत निबंध, संशोधनलेख किंवा प्रबंध लिहिताना लेखक पहिल्या भाषेतील मांडणीच्या सवयी बरोबर आणतो का, आणत असल्यास कोणत्या, याचा तुलनेने शोध घेणारी उपयोजित भाषाविज्ञानाची शाखा. इंग्रजीत तिला ‘कॉन्ट्रास्टिव्ह रेटॉरिक’ म्हणतात. मराठीत ‘रेटॉरिक’साठी वक्तृत्वशास्त्र आणि अलंकारशास्त्र हे दोन्ही प्रतिशब्द वापरले जातात, येथे दोन्ही अपुरे पडतात. या शाखेचा रोख सभेतील भाषणावर नाही आणि उपमा-रूपकांवरही नाही. परिच्छेद कोठून सुरू होतो, मुख्य मुद्दा केव्हा येतो, पुनरुक्ती किती चालते, मजकुरातील वाट वाचकाने शोधायची की लेखकाने दाखवायची, हे तिचे प्रश्न आहेत. म्हणून ‘मांडणी’ हा साधा शब्द येथे योजला आहे. ‘व्यतिरेकी’ हे विशेषण भाषाविज्ञानातील ‘व्यतिरेकी विश्लेषण’ (दोन भाषांच्या रचनेतील फरकांची तुलना) या संज्ञेतून आले असून काव्यशास्त्रातील व्यतिरेक अलंकाराशी त्याचा संबंध नाही.

उगम : सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील रॉबर्ट बी. कॅप्लन यांनी ‘लँग्वेज लर्निंग’ या नियतकालिकात १९६६ मध्ये लिहिलेल्या लेखापासून शाखेचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. ‘कॉन्ट्रास्टिव्ह रेटॉरिक’ ही संज्ञा शीर्षकात घेणारा त्यांचा लेख पुढच्या वर्षीचा, म्हणजे १९६७ चा. इंग्रजी वाक्यरचना हाताशी आलेल्या परदेशी विद्यार्थ्याचा निबंधही अमेरिकन शिक्षकाला विस्कळीत का वाटतो, असा कॅप्लन यांचा प्रश्न होता. त्यांनी सुमारे ७०० निबंध पाहिले. ज्या भाषागटांचे नमुने फारच थोडे होते असे सुमारे १०० वगळून उरलेल्यांवर निष्कर्ष बेतले. हे निष्कर्ष त्यांनी पाच रेखाकृतींत दाखवले : इंग्रजी परिच्छेद सरळ खाली उतरणारी रेघ, सेमिटिक (अरबी, हिब्रू इ.) भाषांचा समांतर जोडरेषांचा, ‘पौर्वात्य’ आत वळत जाणारे वेटोळे, रोमान्स (फ्रेंच, स्पॅनिश इ.) भाषांचा व रशियनचा वाट सोडून पुन्हा वाटेवर येणारा. सेमिटिक समांतररचनेचे उदाहरण म्हणून त्यांनी बायबलच्या किंग जेम्स भाषांतरातील उतारे दिले. ‘पौर्वात्य’ या शब्दात त्यांना चिनी व कोरियन अभिप्रेत होत्या, जपानी नव्हे. ही मर्यादा पुढच्या बऱ्याच उद्धृतांतून गळाली. भारतीय भाषांना या पाच आकृतींत जागा नव्हती. आकृतींमुळे त्या लेखाला ‘डूडल-लेख’ (डूडल म्हणजे सहज ओढलेल्या रेघोट्या) असे टोपणनाव पडले.

कॅप्लन यांच्या विचाराचे मूळ कोठे, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. सपीर-वोर्फ यांचे भाषासापेक्षतेचे गृहीतक (भाषा विचाराला घडवते हे मत) हे त्याचे मूळ, असे बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात. एच. जी. यिंग यांनी २००० मध्ये ते नाकारले. भाषा विचाराला घडवते असा दावा कॅप्लन करत नाहीत, संस्कृती लेखनाला घडवते असे म्हणतात. तेव्हा त्यांचे नाते वोर्फशी नसून डेल हाइम्स यांच्या संप्रेषणाच्या वांशिकवर्णनाशी, म्हणजे एखादा समाज भाषा कशी वापरतो याच्या वर्णनाशी, आहे, असा यिंग यांचा युक्तिवाद. त्याला पॉल केइ मात्सुदा यांनी लगेच २००१ मध्ये उत्तर दिले. खुद्द कॅप्लन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या आधारे त्यांनी तीन स्रोत दाखवले : फ्राइज व लाडो यांच्या परंपरेतील व्यतिरेकी विश्लेषण, वोर्फचे गृहीतक आणि परिच्छेदाची घडण वाक्याच्या घडणीसारखी उलगडणारे फ्रान्सिस क्रिस्टेन्सन यांचे विवेचन. लेखकाने तीन दशकांनंतर दिलेली साक्ष निर्णायक मानावी का, हा प्रश्न उरतोच. तरी १९६६ च्या लेखाचा बराच भाग परिच्छेदातील वाक्यांच्या पायऱ्या लावण्यात गेला आहे, हे पाहता मात्सुदांचे म्हणणे अधिक ग्राह्य दिसते.

आक्षेप : पहिला आक्षेप पद्धतीवर आहे. इंग्रजीत लिहिलेल्या निबंधावरून लेखकाच्या पहिल्या भाषेची मांडणी ठरवता येत नाही. त्यासाठी त्या भाषेतले लेखनच पाहायला हवे. मोहन व लो यांनी १९८५ मध्ये चिनी विद्यार्थ्यांबाबत दाखवले, की अभिजात व आधुनिक चिनी गद्याची मांडणी इंग्रजीहून मुळात वेगळी नाही. अडचणीचे कारण विद्यार्थ्यांना मिळालेले लेखनशिक्षण व त्यांची लेखनातील वाढ यांत शोधावे. चिनी राज्यसेवा-परीक्षेतील ‘अष्टपदी’, म्हणजे ठरावीक आठ भागांच्या, निबंधाचा वारसा आजच्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीत उतरतो, हे मत यानंतर दुबळे झाले, ती परीक्षा विसाव्या शतकाच्या आरंभीच बंद झाली होती. आपण मुद्दा जरा जोरातच मांडला, अशी कबुली कॅप्लन यांनी १९८७ मध्ये दिली.

जॉन हाइंड्स यांनी ‘असाही शिंबुन’ या जपानी दैनिकातील एका स्तंभाच्या आधारे ‘कि-शो-तेन-केत्सु’ ही चार टप्प्यांची जपानी मांडणी पुढे आणली. तिसऱ्या टप्प्यात विषय अचानक वळतो आणि तेथेच इंग्रजी वाचकाची वाट चुकते. त्यांचे १९८७ चे वर्गीकरण अधिक टिकाऊ ठरले : काही भाषांत अर्थ पोचवण्याची जबाबदारी लेखकावर, काहींत ती वाचकावर. र्‍यूको कुबोता यांनी मात्र नव्वदीच्या दशकात दाखवून दिले, की आधुनिक जपानी गद्य पाश्चात्त्य नमुन्यांवरही घडलेले आहे आणि एका स्तंभावरून साऱ्या भाषेबद्दल बोलणे धोक्याचे आहे. युरोपातही फरक आढळले. जर्मन विद्वत्-लेखनात विषयांतराला मान असतो, हे मायकल क्लाइन यांनी, तर फिनिश अर्थशास्त्रज्ञ ‘आता आपण अमुक पाहू’ छापाची वाटदर्शक वाक्ये कमी लिहितात, हे आना माउरानेन यांनी नोंदवले.

मराठी : मराठीसंबंधीचे लेखन थोडे आहे. १९८३ मध्ये एका उपयोजित-भाषाविज्ञान वार्षिकाच्या एकाच खंडात यमुना काचरू यांनी हिंदी-इंग्रजी व राजेश्वरी पंढरीपांडे यांनी मराठी-इंग्रजी गद्याची तुलना केली. मराठी विवेचक परिच्छेदाची गती पंढरीपांडे यांना सरळ रेषेपेक्षा वर्तुळाकार वाटते. काचरू यांनी आपल्या पुढील लेखनात सरळ आणि वळणाची अशा दोन्ही मांडण्या हिंदीत नांदतात, यावर भर दिला. मराठीलाही हे मत अधिक लागू पडावे.

याचे कारण मराठी निबंधाच्या इतिहासात आहे. मराठीत इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे आणण्याचे श्रेय सामान्यतः मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला दिले जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’मागे (आरंभ १८७४) जॉन्सन, मेकॉले या इंग्रज लेखकांचे वाचन उघड दिसते. मग जिची तुलना इंग्रजीशी करायची ती ‘मराठी’ मांडणी इंग्रजीच्या सावलीत वाढलेली आहे. दुसरा प्रवाह शास्त्रचर्चेचा. न्यायदर्शनाच्या पंचावयव (पाच अंगांच्या) अनुमानवाक्यात प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू, उदाहरण, उपनय व निगमन असा क्रम असून निगमनात प्रतिज्ञाच सिद्ध होऊन परत येते. ‘वर्तुळ’ म्हणायचे तर ते येथे आहे. मीमांसादर्शनातील अधिकरणात, म्हणजे एका प्रश्नाच्या चर्चेत, विषय व संशय यांनंतर पूर्वपक्ष (प्रतिपक्षाचे म्हणणे) येतो आणि सिद्धांत त्याच्याही मागून. इंग्रजी शिक्षक जे वाक्य पहिल्या ओळीत मागतो ते येथे सर्वांत शेवटी. ग्रंथाचे तात्पर्य कसे ओळखावे हे सांगणारा मीमांसकांचा श्लोक टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या (१९१५) पहिल्याच प्रकरणात घेतला आहे : ‘उपक्रमोपसंहारौ अभ्यासोऽपूर्वता फलम् । अर्थवादोपपत्ती च लिङ्गं तात्पर्यनिर्णये ॥’ यातील ‘अभ्यास’ म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे. इंग्रजी वर्गात जिच्याखाली लाल रेघ ओढली जाते ती पुनरुक्ती येथे तात्पर्याची खूण ठरते. अर्थात हा श्लोक वाचणाऱ्यासाठी आहे, लिहिणाऱ्यासाठी नाही. शिवाय शास्त्रपरंपरा व शालेय निबंध यांत बरेच अंतर आहे. सुभाषिताने उघडून कवितेच्या ओळीने मिटणाऱ्या शालेय निबंधाचे मूळ शास्त्रचर्चेपेक्षा परीक्षा-मार्गदर्शकांत शोधणे बरे.

अध्यापन : शैक्षणिक इंग्रजीच्या वर्गांत आज कॅप्लनच्या रेघांपेक्षा जॉन स्वेल्स यांचा आराखडा अधिक वापरला जातो. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात १९८१ मध्ये त्यांनी ४८ संशोधनलेखांच्या प्रस्तावना तपासून चार पावले सांगितली. १९९० मध्ये ती तीन झाली : क्षेत्राचे महत्त्व सांगणे, त्यातील उणीव दाखवणे, ती आपण भरतो असे म्हणणे. मराठी माध्यमातून आलेल्या संशोधकाला यातील दुसरे पाऊल बहुधा अवघड जाते. ज्येष्ठांच्या कामात उणीव काढणे त्याला उद्धटपणाचे वाटते. मग पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे नामावळी होते. हे भाषेमुळे की विद्यापीठातील रीतीमुळे, हे सांगणे कठीण. स्वीडिश भाषाभ्यासाच्या एका नियतकालिकातील प्रस्तावना पाहून फ्रेड्रिक्सन व स्वेल्स यांनी १९९४ मध्ये काढलेला निष्कर्ष येथे विचारात घेण्याजोगा आहे : अभ्यासकांचे वर्तुळ लहान आणि स्पर्धा कमी असली, की स्वतःसाठी जागा पाडून घेण्याची गरजही कमी भासते.

उल्ला कॉनर यांनी १९९६ मध्ये या शाखेचा समग्र आढावा घेतला. ‘व्यतिरेक’ या शब्दात संस्कृतींना एकमेकींसमोर उभे केल्याचा ध्वनी येतो, म्हणून २००४ पासून त्यांनी ‘आंतरसांस्कृतिक रेटॉरिक’ हे नाव पुढे केले. अध्यापकांच्या बोलण्यात जुने नावही चालू आहे.