ईमॅक्समध्ये कोडचं उत्तर कुठे दिसतं आणि का

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये लिस्प भाषेतल्या कोडच्या बंद होणाऱ्या कंसानंतर कर्सर ठेवून कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई दाबलं की उत्तर स्क्रीनच्या अगदी तळाच्या ओळीत येतं, तिला एको एरिया म्हणतात, आणि पुढची की दाबली की ते गायब. ईमॅक्स १९७६ मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये टेको एडिटरवरचे मॅक्रो म्हणून सुरू झाला, रिचर्ड स्टॉलमनने लिहिलेला जीएनयू ईमॅक्स १९८५ चा, त्या काळात टर्मिनलवर जेमतेम २४ ओळी, त्यामुळे मेसेजसाठी तळाला एक ओळ राखली तेच खूप होतं. उत्तर टिकवायचं तर स्क्रॅच बफरमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या कच्च्या कामाच्या पानात, कंट्रोल-जे दाबायचं, मग ते थेट मजकुरातच उतरतं.

आता एका ओळीत लांबलचक लिस्ट कशी मावणार? मॅकलिस्प या जुन्या लिस्पमध्येच छापण्याची लांबी (किती घटक) आणि खोली (कंसात कंस किती पातळ्या) ठरवायची सोय होती, तीच कल्पना इथेही आली. ईमॅक्स २१ पासून, म्हणजे २००१ पासून, इव्हॅल-एक्सप्रेशन-प्रिंट-लेंग्थ (लांबी) १२ आणि इव्हॅल-एक्सप्रेशन-प्रिंट-लेव्हल (खोली) ४ असं डीफॉल्ट आहे, म्हणून तेराव्या घटकाच्या जागी तीन टिंबं दिसतात आणि नवीन माणसाला वाटतं आपला डेटाच तुटला. तुटलेला काही नसतो, दोन्ही व्हेरिएबल निल, म्हणजे मर्यादा नाही अशी, केली की अख्खी लिस्ट दिसते. आकड्यांचं उलट, तिथे मागितल्यापेक्षा जास्तच मिळतं: ६५ उत्तर आलं तर पुढे कंसात ऑक्टल (आठच्या पायात) १०१, हेक्स (सोळाच्या पायात) ४१ आणि कॅपिटल ए हे अक्षरसुद्धा, आणि कॅरेक्टर कोड, म्हणजे अक्षरांचे क्रमांक, तपासताना ते फार कामाचं आहे.

मोठा बदल बाहेरून आला. २०१२ मध्ये ख्रिस ग्रेंजरच्या लाइट टेबल या कोड एडिटरने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर ३ लाख डॉलरच्या वर पैसे उभे केले, त्यात उत्तर कोडच्या शेजारीच दिसायचं. ईमॅक्सकडे त्यासाठी लागणारं ओव्हरले आधीपासून होतंच, फाइलमधल्या मजकुराला हात न लावता त्यावर काहीही दाखवता येतं, फक्त या कामाला कुणी लावलं नव्हतं. क्लोजर या लिस्प घराण्यातल्या भाषेसाठीच्या सायडर या ईमॅक्स पॅकेजमध्ये ते आलं, मग तोच कोड उचलून ईमॅक्स लिस्पसाठी ईरॉस पॅकेज झालं.

सायडरमध्ये सायडर-यूज-ओव्हरलेज हे व्हेरिएबल बदलून ओव्हरले, एको एरिया, दोन्ही किंवा फक्त एररपुरतं ओव्हरले असं निवडता येतं, उत्तर किती वेळ राहावं आणि आधी कुठली खूण यावी तेही. मला ‘दोन्ही’ सगळ्यात बरं वाटतं, कारण लांब ओळीच्या शेवटी आलेलं उत्तर छोट्या खिडकीत कापलं जातं आणि मग नजर तळाकडेच जाते.