दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचायचा कसा? तीन ओळींपासून

टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरांवर टीआय-बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिता येतात. दुसऱ्याचा प्रोग्रॅम लॉक केलेला नसेल, तर तो तिथेच उघडून वाचताही येतो. आधी त्याची नक्कल करा. नव्या प्रोग्रॅममध्ये सेकंड आणि स्टो ही बटणे दाबून रिकॉल आणा, पीआरजीएमच्या एक्झेक यादीतून मूळ प्रोग्रॅम निवडा आणि एंटर दाबा. सगळ्या ओळी उतरतात. मोडतोड करायची ती नकलेचीच.

बहुतेक खेळांत हा तुकडा सापडतो:

रिपीट के
गेटकी → के
एंड

गेटकी दाबलेल्या बटणाचा क्रमांक देते, काहीच दाबले नसेल तर ०. बाणाची खूण (→) ती किंमत 'के' या चलात, म्हणजे नाव दिलेल्या जागेत, साठवते. 'के' शून्याहून वेगळा होईपर्यंत रिपीट आतली ओळ पुन्हा पुन्हा चालवते, म्हणजे बटण दाबेपर्यंत थांबायचे. पण इथे व्हाइल (अट आधी तपासून मगच ओळी पुन्हा चालवणारी आज्ञा) का नाही? या भाषेतली चले सगळ्या प्रोग्रॅमांत सामायिक असतात. 'के'मध्ये आधीच्या खेळाचा १०५ (एंटर) उरला असेल, तर 'के शून्य असेपर्यंत' असे सांगणारे व्हाइल आत शिरणारच नाही. रिपीट अट शेवटी तपासते, त्यामुळे आतली ओळ एकदा तरी चालतेच आणि जुनी किंमत पुसली जाते. असा 'का' प्रत्येक ओळीला विचारावा. खरे शिक्षण तिथे होते.

वाचताना कागदावर चलांची यादी ठेवा: कोणाला पहिली किंमत कुठे मिळाली? किंमत मिळण्याआधीच वापरलेले चल दिसले, तर तिथे खूण करा. लेखकाच्या यंत्रावर बिनचूक चालणारा प्रोग्रॅम तुमच्याकडे बिघडतो, तो बहुधा अशाच जागी.

आता ही ओळ पाहा:

मिन(१६, मॅक्स(१, एक्स + (के=२६) − (के=२४ → एक्स

तुलना खरी ठरली तर १, नाहीतर ०. २६ म्हणजे उजवा बाण, २४ डावा. त्यामुळे एकही 'इफ' (जर-तरची आज्ञा) न लिहिता 'एक्स', म्हणजे स्तंभाचा क्रमांक, एका घराने सरकतो. पडद्यावर १६ स्तंभ असतात, म्हणून मिन (दोहोंतली लहान किंमत) आणि मॅक्स (दोहोंतली मोठी) यांचे कुंपण. शेवटचे कंस राहून गेलेले नाहीत. बाणाच्या खुणेपाशी उघडे कंस आपोआप मिटतात आणि दर कंसामागे एक बाइट वाचतो. वापरायला रॅम मिळते जेमतेम २४ किलोबाइट, त्यामुळे ही काटकसर जुन्या प्रोग्रॅमांत सर्रास दिसते.

एक सवय मात्र उचलू नका: लूपमधून (रिपीट, व्हाइलसारख्या पुनरावृत्तीतून) किंवा इफ-देनमधून गोटूने (दुसऱ्या ओळीवर नेणाऱ्या आज्ञेने) बाहेर उडी मारणे. उघडलेला गट 'एंड' भेटेपर्यंत यंत्र लक्षात ठेवते. 'एंड' भेटलाच नाही, तर ती नोंद मेमरीत पडून राहते. अशा शेकडो उड्यांनंतर खेळ मेमरी एररवर थांबतो, आणि चूक त्या ओळीत शोधून सापडत नाही.

ओळ कळली का, हे पाहायला एकच बदल करा आणि निकाल आधीच लिहून ठेवा. वरच्या ओळीतून मॅक्स काढून डावा बाण दाबत राहिलात तर? 'एक्स' ० होईल आणि पडद्यावर ठरल्या जागी मजकूर दाखवणारी आउटपुट आज्ञा डोमेन एरर (किंमत मर्यादेबाहेर असल्याची चूक) देईल, कारण स्तंभ १ पासून सुरू होतात.