शहरी उद्यानांतील मोठी मांजरे : अफवांची पार्श्वभूमी

मोठ्या शहरी उद्यानात संध्याकाळी फिरायला आलेल्या कोणाला तरी झुडपात शिरणारे बिबट्यासारखे लांब शेपटीचे जनावर दिसते, दुसऱ्या दिवशी आणखी दोघे तेच पाहिल्याचे सांगतात आणि आठवडाभरात यंत्रणांना तिथे शोध घ्यावा लागतो. हा क्रम समाजमाध्यमांच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने १८३०मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या प्रवासवर्णनात बालपणीची एक आठवण नोंदवली आहे. सरे परगण्यातील एका पडक्या मठाजवळ मध्यम आकाराच्या स्पॅनियल कुत्र्याएवढे मांजर झाडाच्या ढोलीत शिरताना त्याने पाहिले होते, आणि घरी ते सांगितल्यावर खोटे बोलतो म्हणून त्याला मार बसला होता. पुढे कॅनडात लिंक्स हे आखूड शेपटीचे मोठे रानमांजर पाहिल्यावर आपण लहानपणी पाहिले ते हेच, अशी त्याची खात्री पटली. पाहणाऱ्याची ठाम खात्री आणि त्याला खोटे पाडण्याची ऐकणाऱ्यांची घाई, या दोन्ही गोष्टी त्या जुन्या आठवणीतही आहेत.

शहराच्या हद्दीत असा शोध प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाला तो बहुधा जुलै १९६३मध्ये, आग्नेय लंडनमधील शूटर्स हिलच्या रानात. चित्ता दिसल्याच्या वार्तेवरून शंभराहून अधिक पोलीस, सैनिक आणि कुत्र्यांची पथके कामाला लागली; हाती आले ते नख्यांच्या खुणा असलेले मोठे ठसे, आणि त्यावरून काहीच ठरेना. याचे कारण साधे आहे. मांजरकुळातील बहुतेक प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या ठशांत नख्या उमटत नाहीत. चित्त्याच्या नख्या मात्र पूर्णपणे आत जात नाहीत, म्हणून त्या जमिनीवर उमटतात. आणि कुत्र्याच्याही उमटतात. शिवाय मऊ चिखलात ठसा पसरून मूळ पंजाहून मोठा दिसतो. अंतराचेही तसेच आहे: शेजारी मापाला काही नसेल, तर मोकळ्या गवतातले पाळीव मांजरसुद्धा बिबट्याएवढे भासू शकते.

ब्रिटनमध्ये या वार्तांचे एक स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. १९७६च्या कायद्याने धोकादायक वन्यप्राणी पाळण्यासाठी परवाना सक्तीचा केला, तेव्हा काही मालकांनी आपली जनावरे रानात सोडून दिली, असे ते स्पष्टीकरण. काही जनावरे तशी सुटली असतीलही. पण शूटर्स हिलचा शोध या कायद्याच्या तेरा वर्षे आधीचा आहे, आणि एकेकटी सोडलेली जनावरे पिढ्यानपिढ्या टिकत नाहीत. त्यामुळे आजच्या वार्तांचा सगळा भार त्या कायद्यावर टाकणे मला पटत नाही.

१९९५मध्ये इंग्लंडच्या नैऋत्येकडील बॉडमिन मूर या माळरानाची अशाच वार्तांवरून सरकारी पाहणी झाली आणि मोठे मांजर असल्याचा पडताळता येईल असा पुरावा मिळाला नाही. अहवालानंतर काही दिवसांतच जवळच्या नदीत बिबट्याची कवटी सापडली, तेव्हा अहवाल चुकल्याचे अनेकांना वाटले. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील तज्ज्ञांनी ती तपासली. कवटी खरी होती, पण तिच्या आत उष्ण कटिबंधातल्या झुरळाच्या अंड्यांची कोशी चिकटलेली होती. हा बिबट्या ब्रिटनमध्ये मेलाच नव्हता, कवटी गालिचासारख्या वापरल्या जाणाऱ्या कातड्यासोबत आयात झाली होती. शेकडो साक्षींनी न सुटलेला प्रश्न नखाएवढ्या कोशीने, निदान त्या कवटीपुरता, निकाली काढला. मात्र वार्ता नेहमीच पोकळ निघते असे नाही. मे २००१मध्ये उत्तर लंडनच्या भरवस्तीत एक खरीखुरी लिंक्स मादी पकडली गेली. उलट जुलै २०२३मध्ये बर्लिनच्या वेशीवर चित्रफितीत दिसलेल्या ‘सिंहिणी’साठी ड्रोन आणि हेलिकॉप्टर लावून शोध झाला, आणि पाठीची गोलाई व शरीराची ठेवण पाहून तज्ज्ञांनी ते रानडुक्कर असल्याचे सांगितले.

या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलके उदाहरण लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कचे आहे. सुमारे ४,२०० एकरांच्या या उद्यानाला महामार्गांचा आणि वस्तीचा वेढा आहे. इथे प्यूमा, म्हणजे अमेरिकेतले बिबट्याएवढे मांजर, राहत असेल हे अभ्यासकांनीही धरले नव्हते. प्राण्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा समजाव्यात म्हणून तिथे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे, लावले होते. फेब्रुवारी २०१२मधली छायाचित्रे चाळताना जीवशास्त्रज्ञ मिगेल ओर्देन्याना यांना हरणे आणि कोल्ह्यासारखे कोयोटी यांच्या मधेच एक धिप्पाड प्यूमा दिसला. त्याला पकडून रेडिओ पट्टा बसवण्यात आला आणि ‘पी-२२’ हे नाव मिळाले. जनुकीय तपासणीवरून तो सांता मोनिका डोंगररांगेत जन्मल्याचे कळले, म्हणजे तिथून इथे पोहोचण्यासाठी त्याने दोन अतिशय वर्दळीचे महामार्ग ओलांडले होते. त्यानंतर तो दहा वर्षे लाखो माणसांच्या शेजारी राहिला, आणि बहुतेकांना कधीच दिसला नाही. उद्यानातल्या खऱ्या मोठ्या मांजराची खूण ही अशी असते. जोडीदार मिळणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते, कारण दुसऱ्या प्यूमाला तिथवर येण्याची सुरक्षित वाट नव्हती. अशा प्राण्यांसाठी त्या भागातील महामार्गावर वन्यजीव पूल बांधण्याचे काम एप्रिल २०२२मध्ये सुरू झाले. वाहनाची धडक आणि जुने आजार यांनी खंगलेल्या पी-२२ला त्याच वर्षी १७ डिसेंबरला दयामरण देण्यात आले.